तीन देशांचे पाने

आमच्या बीड भागात पूर्वी लोखंडाची अवजारं म्हणजे खुरपं, विळा, कुऱ्हाड, पहार. पाहिलं की काम कळायचं. मोट गेली, विहिरीवर इंजन आलं, आणि त्याच्याबरोबर पान्यांची पिशवी आली. तिच्याकडं पाहून मात्र काहीच उलगडा होत नव्हता. सारख्या दिसणाऱ्या पान्यांवर बारीक आकडे कोरलेले, अन् बोल्टाला लावावं तर एक सैल, दुसरा बसतच नाही.

याचं मूळ लांब इंग्लंडात आहे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिरानं १८४१ साली बोल्टाच्या आट्यांचं एक ठरावीक माप मांडलं. त्याआधी ज्याचा कारखाना त्याचे आटे. पुढं इंग्रजी यंत्रं जिथं जिथं गेली तिथं हेच माप गेलं. निजामाच्या रेल्वेनं १९३२ साली प्रवासी बसगाड्या सुरू केल्या, त्या २७ अल्बियन गाड्याही स्कॉटलंडच्या. विहिरीवरचं लिस्टर इंजन इंग्रजी, आणि राजकोटला त्याची नक्कल निघाली तीही त्याच वळणाची.

आता या व्हिटवर्थ पान्याची गंमत पहा. त्यावर ३/८ डब्ल्यू लिहिलेलं असतं, पण जबडा मोजला तर भरतो १८ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाच्या जवळ. कारण तो आकडा जबड्याचा नाहीच, बोल्टाच्या दांड्याच्या जाडीचा आहे. वर त्याच जबड्यावर ७/१६ बीएस असंही कोरलेलं सापडतं. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवायला इंग्रजांनी व्हिटवर्थ बोल्टांची डोकी एक माप लहान केली, त्यानं घोळ आणखी वाढला. बोल्ट ७/१६ चा आणि पाना ३/८ चा! आमचा मिस्त्री शाळेत फारसा गेला नव्हता. त्यानं आकडे वाचायचा नादच सोडला होता. जबड्यात बोट घालून तो पाना निवडायचा, बोलायचा मात्र सुतात. आठ सुतांचा इंच, एवढा हिशेब पक्का.

मग ट्रॅक्टर आले. महिंद्रानं १९६३ साली अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली, त्यातून बी-२७५ आला. त्याचे पाने इंचाचेच, पण आकडा जबड्याच्या रुंदीचा. त्यांना एएफ म्हणतात. १९७१ पासून पिंजोरला एचएमटीचा झेटर निघू लागला, तो मूळ चेकोस्लोव्हाकियाचा. तिथं सगळं मिलिमीटर. म्हणजे एका शिवारात विहिरीवर इंग्लंड, वावरात अमेरिका आणि शेजाऱ्याच्या वावरात चेक. पाने मात्र गावभर एकमेकांचे मागून चालायचे.

३/४ एएफच्या नटाला १९ चा पाना चालतो, फरक केसाएवढा. पण ११/१६ ला १७ चा शिरत नाही आणि १८ चा सैल होतो. ३/८ डब्ल्यूवर १९ चा लावून नेट दिला की नटाचे कोपरे गेलेच. मग छिन्नी-हातोडा. स्क्रू पाना तर त्याहून वाईट. लोकांना वाटतं सगळ्याला चालतो, पण तो ताणात उघडतो. अडलेल्या नटाला रिंग पाना किंवा गोटी पानाच घ्यावा, सहाही कोपरे धरतो.

ऊसतोडीच्या हंगामात हे फार महागात पडायचं. मुकादमाची उचल घेतलेली, टोळी फडात बसलेली, गाडीत ऊस भरलेला, आणि ट्रॅक्टर एका गोल झालेल्या नटापायी उभा. वाळतो तसं उसाचं वजन घटतं, आणि खेप बुडाली की टोळीची मजुरीही बुडते. परमुलखात, कारखान्याच्या वाटेवर, योग्य पाना कुणाकडं मागायचा? म्हणून जाणते ड्रायव्हर निघण्याआधी एकेका मोठ्या नटाला पाना लावून पाहायचे, आणि बसलेल्या पान्यांना रंगाचा ठिपका द्यायचे. लाल ट्रॅक्टरचा, पांढरा ट्रॉलीचा.

आता नव्या ट्रॅक्टरला बहुतेक मिलिमीटरचे पाने लागतात. पोरं डब्ल्यूचे जुने पाने भंगारात किलोवर घालतात. विहिरीवर जुनं लिस्टर असेल तर घालू नका. ते माप आमच्या बाजारात आता सहसा मागून मिळत नाही.