फोन नंबर असलेला व्हायरस

दुबईच्या अल मनखूलमधलं अल ऐन सेंटर म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांची पेठ, आणि जवळच्या खालिद बिन अल वलीद रस्त्याला तर सगळे ‘कॉम्प्युटर स्ट्रीट’च म्हणतात. इथल्या मराठी घरात लॅपटॉप बिघडला तर दुरुस्त करणारा चालत जाण्याइतका जवळ आहे. तरीही स्क्रीन अचानक लाल होते, भोंगा वाजतो, ‘कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा’ अशी पाटी येते आणि नातवंडांकडे राहायला आलेले आजोबा घाबरून फोन लावतात. या पाटीचं कूळ जुनं आहे.

1989 साली जोसेफ पॉप या अमेरिकी शास्त्रज्ञाने एड्सविषयीची माहिती म्हणून सुमारे 20,000 फ्लॉपी टपालाने धाडल्या. बऱ्याच वेळा चालू-बंद केल्यावर कॉम्प्युटरमधल्या फायलींची नावं दिसेनाशी व्हायची आणि पडद्यावर मागणी यायची : 189 डॉलर पनामाच्या पत्त्यावर पाठवा. इथे बिघाड निदान खरा होता. पुढच्या पिढीला बिघाड करायचीही गरज उरली नाही. विनफिक्सर, एक्सपी अँटिव्हायरस अशी सॉफ्टवेअर धडधाकट कॉम्प्युटरची खोटी तपासणी करून दोषांची लांबलचक यादी दाखवत आणि ते काढायचे पैसे मागत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर 2008 मध्ये ती विकणाऱ्यांना कोर्टात खेचलं, तेव्हा फसलेले ग्राहक दहा लाखांहून अधिक होते.

त्याच सुमारास ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय’ असे फोन सुरू झाले. त्यांची हातचलाखी नीट पाहण्यासारखी आहे. भामटा विंडोजमधला ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला लावतो. तिथे लाल-पिवळ्या खुणांची रांग दिसते. चांगल्या चाललेल्या कॉम्प्युटरवरही ती असतेच, पण हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसतं. मग तो काळ्या खिडकीत ‘असॉक’ ही आज्ञा टाइप करायला सांगतो आणि 888DCA60 ने सुरू होणारा लांब क्रमांक आधीच वाचून दाखवतो : ‘हा तुमच्याच मशीनचा नंबर, म्हणजे आम्ही खरे.’ तो क्रमांक जगातल्या बहुतेक सगळ्या विंडोजवर तोच असतो.

ऑक्टोबर 2012 मध्ये अमेरिकेने अशा सहा टोळ्यांवर कारवाई केली. त्यांतल्या बहुतेक भारतातून चालत होत्या. 2016 च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड घातली. तिथली पोरं अमेरिकेचे आयकर अधिकारी बनून धमक्या देत होती. सोंग वेगळं, पण भीतीचा धंदा तोच. मुख्य आरोपी दुबईला निसटला आणि एप्रिल 2017 मध्ये परतताना मुंबई विमानतळावर पकडला गेला. नोकरीच्या शोधातल्या आपल्या मुलांच्या तोंडी ही भाषा घातली गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

आता भामट्याला फोन करावाच लागत नाही. घाबरलेला माणूसच त्याला फोन करतो. ती लाल पाटी म्हणजे ब्राउझरने उघडलेलं एक साधं पान असतं, पूर्ण स्क्रीनभर ताणलेलं. एस्केपचं बटण दाबून धरलं की ते बहुधा आकसतं. नाहीच आकसलं तर कंट्रोल, आल्ट, डिलीट एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा आणि नंतर जुनी पानं पुन्हा उघडू द्यायची नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, त्यामुळे नंबर दिसला की पाटी खोटी. कुणाला एनीडेस्कसारख्या, दुरून कॉम्प्युटर चालवू देणाऱ्या ॲपवरून आत घेतलं असेल तर आधी वायफाय तोडा, लगेच बँकेला कळवा, दुसऱ्या मोबाइलवरून पासवर्ड बदला आणि दुबई पोलिसांच्या ई-क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा.