आईचे दार, मुलीचे दार : शिकागोतील एक संग्रहालय

१/ विसाव्या शतकाची पहिली वर्षे. शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावरील हल-हाउस या संस्थेत शनिवारी संध्याकाळी एक इटालियन आई आणि तिची मुलगी येत असत. मुलगी आईला दर्शनी दाराशी सोडी आणि स्वतः वळसा घालून बाजूच्या दाराने स्वयंपाकाच्या वर्गात शिरे. डोक्याला रुमाल, पायांत ओबडधोबड बूट, आखूड घागरा : ही खेडवळ बाई आपली आई आहे, हे तिला कोणाला कळू द्यायचे नव्हते.

२/ हल-हाउस जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये स्थापन केले. सभोवती स्थलांतरित कष्टकऱ्यांची दाट वस्ती होती. संस्थेने १८९५ मध्ये परिसराचे रंगीत नकाशे प्रसिद्ध केले. जेमतेम एक तृतीयांश चौरस मैलात १८ राष्ट्रांचे लोक!

३/ या घरांत एक विलक्षण उलथापालथ घडत होती. मुले शाळेत इंग्रजी शिकत. आईबाप मात्र दिवसभर राबत, त्यांना ती संधी क्वचितच मिळे. मग दुकानदाराशी, घरमालकाशी बोलायला मूलच पुढे होई. दुभाषा हळूहळू घराचा कारभारी होतो आणि ज्याच्यासाठी आपण बोलतो, तो अडाणी वाटू लागतो. स्थलांतराचा इतिहास आपण जहाजे आणि कायदे यांतून वाचतो. ही घरातली बाजू निसटते.

४/ एके दिवशी ॲडम्सना चाळवजा इमारतीच्या पायऱ्यांवर उन्हात बसून सूत कातणारी एक वृद्ध इटालियन स्त्री दिसली. हातात चरखा नव्हे, साधी टकळी. त्यातून १९०० मध्ये हल-हाउसमधील श्रम-संग्रहालय उभे राहिले. शेजारपाजारीच कताईच्या ७ पद्धती सापडल्या : ४ टकळीसारख्या आदिम, ३ चाकाच्या. त्या ऐतिहासिक क्रमाने मांडून आधुनिक गिरणीशी जोडल्या गेल्या. काचेच्या कपाटातील वस्तूंपेक्षा येथे महत्त्व होते कातणाऱ्या हातांना. आईबाप शिक्षक झाले.

५/ एका संध्याकाळी त्या मुलीने पाहिले, की शिक्षणशास्त्राचे जाणकार पाहुणे आईभोवती कौतुकाने जमले आहेत. त्यांच्या बोलण्यावरून तिला वाटले, की टकळीवर आईइतके उत्तम कातणारे अमेरिकेत कोणी नाही. हे खरे का, असे तिने ॲडम्सना विचारले. तेव्हा त्यांनी तिला आईच्या गावाविषयी सांगितले : तिथल्या बायका कड्याच्या टोकावरून टकळी खाली सोडून कातत, म्हणून त्यांचा हात शेजारच्या गावांपेक्षा सरस झाला होता.

६/ पुढे पलंगाखालच्या मोठ्या पेटीतील, आजवर गावंढळ म्हणून दडवलेले घरी विणलेले कपडे बाहेर काढायला मुलीने आईला परवानगी दिली. (‘परवानगी’ हा शब्द नीट वाचा. घरात सत्ता कोणाकडे होती, ते त्यात आहे.) आणि ती आईच्याच दाराने उघडपणे आत येऊ लागली.

७/ ही हकीकत ॲडम्स यांच्या १९१० च्या आत्मकथनातली. तेव्हा सावधपणे वाचायला हवी : सांगणारी संस्थेची संस्थापक आहे, आईचे स्वतःचे शब्द त्यात नाहीत. शिवाय कौतुकाने पोट भरत नव्हते; टकळीच्या कौशल्याला शिकागोच्या कारखान्यांत मोल नव्हते.

८/ तरी ॲडम्स यांनी हा प्रश्न संग्रहालयापुरता ठेवला नाही. १९०८ मध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषदेत, खुद्द शिक्षकांसमोर, त्यांनी सांगितले की सरकारी शाळा स्थलांतरितांच्या मुलांना आईबापांपासून तोडते आहे. आईबापांची भाषा, इतिहास आणि परंपरा यांचे सौंदर्यही शाळेनेच मुलांना दाखवायला हवे.