एडवर्ड्‌स जलधरातील अपृष्ठवंशीय जलचर आणि टेक्ससचे भूजलधोरण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पाण्यात विरघळणाऱ्या चुनखडीच्या भूप्रदेशास भूशास्त्रात 'कार्स्ट' असे म्हणतात. येथे पावसाचे पाणी भेगांतून खाली उतरते, खडकात पोकळ्या कोरते आणि दूरवर झऱ्यांच्या रूपाने पुन्हा प्रकट होते. अमेरिकेतील मध्य टेक्ससचा एडवर्ड्‌स जलधर हे याचे ठळक उदाहरण होय. सॅन अँटोनियो शहर, पश्चिमेकडील बागायती शेती आणि कोमाल व सॅन मार्कोस येथील झरे यांना याच जलधराचे पाणी मिळते. या पाण्याच्या नियमनाच्या इतिहासात इवल्याशा अपृष्ठवंशीय जलचरांना कोणते स्थान आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विहिरीतील जीव आणि न्यायालयाचा निर्णय :
१८९५ मध्ये सॅन मार्कोस येथील सरकारी मत्स्यबीज केंद्रासाठी एक आर्टेशियन विहीर खोदण्यात आली. स्वतःच्या दाबाने वर येणाऱ्या पाण्याबरोबर तिच्यातून आंधळे सॅलॅमँडर, कोळंबी व अन्य कवचधारी प्राणी बाहेर पडू लागले. १८९६ मध्ये त्यांतील अनेकांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. जमिनीखाली वाहत्या पाण्याचे एक विस्तृत, सजीव विश्व आहे, याचा हा प्रत्यक्ष पुरावाच होता.

तथापि १९०४ मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने एका रेल्वे कंपनीच्या विहिरीसंबंधीच्या खटल्यात वेगळीच भूमिका घेतली. भूजलाची गती गूढ व अज्ञेय असल्याने तिच्याबाबत नियम करणे अशक्यप्राय आहे, असे मानून न्यायालयाने जमीनमालकास हवे तेवढे पाणी उपसण्याची मुभा दिली. शेजाऱ्याची विहीर आटली तरी त्यास दाद मागता येईना.

अवर्षणाची साक्ष :
१९५० च्या दशकातील प्रदीर्घ अवर्षण व वाढता उपसा यांमुळे १३ जून ते ३ नोव्हेंबर १९५६ या काळात कोमालचे मुख्य झरे पूर्णतः थांबले. तेथील 'फाउंटन डार्टर' हा मासा नाहीसा झाला आणि पुढे तो सॅन मार्कोसहून आणून सोडावा लागला. मात्र सुमारे २ मिलिमीटर लांबीचा, उडू न शकणारा कोमाल झऱ्यांचा भुंगेरा, ज्याचे वर्णन १९८८ मध्ये झाले, तेथे टिकून राहिला होता. झरा आटताच तो मुखाखालील ओलसर वाळूखड्यांत उतरला असावा, असे अनुमान केले जाते. तसे असेल तर झऱ्याचे मुख ही त्याच्या अधिवासाची सीमा ठरत नाही. भूजल व झरा मिळून त्याचे एकच घर होते.

कायद्याची दखल :
१९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याच्या आधारे सिएरा क्लब या संस्थेने १९९१ मध्ये संघीय न्यायालयात दावा दाखल केला. १९९३ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. त्याच वर्षी टेक्ससच्या विधिमंडळाने एडवर्ड्‌स जलधर प्राधिकरण स्थापन करण्याचा कायदा केला आणि उपशावर मर्यादा घातली. २००७ मध्ये ही मर्यादा वार्षिक ५,७२,००० एकर-फूट निश्चित झाली. दाव्यातील प्रजातींत अपृष्ठवंशीय प्राणी नव्हते. १९९७ मध्ये मात्र कोमालचे दोन भुंगेरे व 'पेक' यांच्या नावाने ओळखला जाणारा गुहावासी अँफिपॉड यांना संरक्षण मिळाले. २०१३ मध्ये मंजूर झालेल्या अधिवास संवर्धन आराखड्यातही त्यांचा समावेश आहे.

समारोप :
हा संघर्ष संपलेला नाही. २०१२ मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने जमिनीखालील पाण्यावर जमीनमालकाची मालकी मान्य केली, त्यामुळे नियमन करताना भरपाईचा प्रश्न उपस्थित होतो. तरीही १९०४ चे 'अज्ञेय' भूजल आज मोजले जाते व त्याचे वाटप होते. न्यायालयाने जे पाणी अज्ञेय मानले, त्याची साक्ष त्याआधी नऊ वर्षे दृष्टिहीन जीवांनी दिली होती. ती ऐकून घेण्यास समाजाला जवळजवळ एक शतक लागले, हाच या इतिहासाचा बोध होय.