जत्रेतला तमाशा आणि घरातली बाई

आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात चैत्र लागला की जत्रांचा हंगाम सुरू होतो. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच वर्गणीचे पैसे घेऊन तिथं जातात आणि तमाशाची सुपारी देऊन येतात. रात्री पालखी, मग तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या आणि दुपारी कुस्त्या, असा हा क्रम.

या सगळ्यात घरच्या बाईचं काम एकच: आल्या-गेल्याला जेवू घालायचं. पूर्वी तर फडावर नाचायलाही पोरंच लुगडं नेसून उभी राहत. पुढं पवळाबाई हिवरगावकरांसारख्या बाया फडावर आल्या. स्वातंत्र्याच्या सुमाराला खेरांच्या सरकारनं तमाशावर बंदी घातली. ती उठल्यावर फडवाले पाटीवर 'लोकनाट्य' लिहू लागले. नाव बदललं, पण समोर बसणारी गडीमाणसंच राहिली.

खरा तमाशा दुसऱ्या दिवशी घरोघर व्हायचा. दौलतजादा हे त्याचं मूळ. नाचणारीच्या हातात नोट द्यायची आणि आपलं नाव माइकवरून पुकारून घ्यायचं, यात गड्यांची ईर्षा लागायची. चैत्रात नेमकी कांद्याची पट्टी हातात आलेली असायची. एका जत्रेत आमच्या आबांनी त्या पट्टीतली बरीच रक्कम एका रात्रीत उधळली. सकाळी आई एवढंच म्हणाली, "आवं, कांदा काढताना माझीबी कंबर मोडलीय." आबा म्हणाले, "गावात इज्जत ऱ्हायला नको का?" मग महिनाभर दोघं आम्हा पोरांच्या तोंडून बोलत होती. "तुझ्या बापाला सांग, भाकरी झालीय."

त्यानंतर 1972 चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या. त्या सालच्या जत्रेत गावानं देवाला नुसता नारळ फोडला, तमाशाची सुपारी दिलीच नाही. सरकारनं दुष्काळी कामं काढली. नवरा-बायको दोघंही खडी फोडायला जाऊ लागली, दुपारी सुकडी खाऊ लागली. यातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण घरात जे झालं ते कुठं लिहिलेलं नाही. मस्टरवर आईचं नाव वेगळं होतं. अंगठा तिचा, पगारही तिच्याच हातात. शेतात जन्मभर राबून तिच्या हाती कधी पैसा आला नव्हता.

त्याच सुमाराला बाजाराच्या गावी तंबूत शांतारामबापूंचा 'पिंजरा' लागला. खडीवरच्या सात-आठ जणींनी ठरवलं आणि आपल्या पैशानं तिकिटं काढली. आबा म्हणाले, "घरंदाज बायांनी तमाशा बघायचा?" आई म्हणाली, "तमाशा न्हाई, शिनेमा हाय." पडद्यावर का होईना, फडातली बाई तिनं त्या रात्री पहिल्यांदा पाहिली.

परत आल्यावर गावात चर्चा एकच, नाचणारीनं मास्तराचं वाटोळं केलं. आई चुलीपुढं बसून म्हणाली, "तिनं काय त्याला बांधून नेलं व्हतं? आपल्या पायानं गेला की त्यो." आबा दारातच बसले होते. ते काही बोलले नाहीत.

विठाबाई नारायणगावकर दिवस भरलेले असतानाही फडावर नाचल्या, ही हकिकत महाराष्ट्रभर कौतुकानं सांगतात. आईनं ती ऐकली तेव्हा तिला कौतुक वाटलं नाही. "बाळंतिणीला कुणी बसूबी दिलं न्हाई व्हय?" असं म्हणाली. नाचणारीचा राग तिनं केव्हाच सोडला होता.

पाऊसपाणी झाल्यावर जत्रा पुन्हा भरली, सुपारी पुन्हा गेली. आबांनी तमाशा सोडला नाही. पण त्या वर्षापासून कांद्याची पट्टी आधी आईच्या हातात पडू लागली. जत्रेच्या रात्री आबा डोक्याला फेटा बांधून चुलीपाशी येऊन उभे राहत. आई डब्यातून मोजून पैसे काढी आणि म्हणे, "एवढ्यात काय पुकारतील ते पुकारू द्या."