स्किड रोची नाटक मंडळी

लॉस एंजेलिसच्या ऐन मध्यात स्किड रो नावाची जेमतेम पन्नास ब्लॉकची वस्ती आहे. फुटपाथवर तंबू, जुनी स्वस्त लॉजं, अन्नछत्रं, व्यसनमुक्ती केंद्रं. बेघरांच्या सगळ्या सोयी इथेच एकवटायच्या आणि बाकीच्या शहराला त्यांची झळ लागू द्यायची नाही, असं धोरणच 1976 साली ठरलं. दारू-ड्रग्जचा अड्डा म्हणून वस्ती अमेरिकाभर बदनाम झाली. तिथेच 1985 पासून एक नाटक मंडळी तग धरून आहे. नाव ‘लॉस एंजेलिस पॉव्हर्टी डिपार्टमेंट’. आद्याक्षरं, एलएपीडी, थेट तिथल्या पोलीस खात्याची; हा खोडसाळपणा अर्थातच जाणूनबुजून केलेला.

संस्थापक जॉन मॅलपीड आधी न्यूयॉर्कमध्ये काम करणारे रंगकर्मी. 1984 च्या ऑलिम्पिकच्या सुमारास ते इकडे आले, वस्तीत मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या एका संस्थेत कामाला लागले आणि तिथेच त्यांनी नाट्यकार्यशाळा सुरू केली. येईल तो आपला, फी नाही, अट नाही. आज तालमीला आलेला उद्या येईलच याचा भरवसा नव्हता. त्यामुळे जो हजर त्याच्यासह नाटक पुढे न्यायचं, अशी रीत पडली.

मंडळीचं नाव गाजवणारं नाटक 2001 सालचं, ‘एजंट्स अँड ॲसेट्स’. निकाराग्वातल्या बंडखोरांच्या समर्थकांनी लॉस एंजेलिसमध्ये कोकेन विकलं आणि सीआयएने काणाडोळा केला, असे आरोप 1996 मध्ये एका वृत्तमालिकेने पुढे आणले होते. त्यावर 16 मार्च 1998 रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या गुप्तचर समितीत सुनावणी झाली. तिचं अधिकृत इतिवृत्त हीच नाटकाची संहिता. ज्या वस्तीला क्रॅक कोकेनने पोखरलं, तिथलीच माणसं समितीचे सदस्य आणि सीआयएचे अधिकारी होऊन ‘माननीय सदस्य’ म्हणत एकमेकांना प्रश्न विचारत होती. प्रयोगानंतर अमली पदार्थांविषयीच्या धोरणावर प्रेक्षकांशी चर्चा ठेवलेली. पुढे डेट्रॉइट आणि क्लीव्हलंडमध्ये स्थानिक माणसं घेऊन हेच नाटक उभं राहिलं.

यानंतरच्या कामातून मंडळीची खरी भूमिका स्पष्ट होत गेली. एका प्रकल्पाला त्यांनी नाव दिलं, ‘बिगेस्ट रिकव्हरी कम्युनिटी एनीव्हेअर’. व्यसनातून बाहेर पडलेल्यांची सर्वांत मोठी वस्ती म्हणजे स्किड रो, असा त्यांचा दावा. इथे व्यसनमुक्तांच्या बैठका भरतात, काल सुटलेला आज नव्याला धरून आणतो. सरकारदरबारी आणि बातम्यांत मात्र फक्त पडलेले दिसतात, उठलेले नाहीत.

2006 मध्ये वस्तीत पन्नास जादा पोलीस आले, अटकांचं सत्र सुरू झालं. त्याच काळातल्या अनुभवांतून ‘स्टेट ऑफ इन्कार्सरेशन’ उभं राहिलं. जागाभर तुरुंगातले दुमजली पलंग खेटून लावलेले; नटही त्यांवर आणि प्रेक्षकही त्यांवरच. हलायचं तर शेजाऱ्याचे पाय चुकवून. कॅलिफोर्नियाचे तुरुंग तेव्हा किती खचाखच भरले होते, हे सांगायला वेगळं वाक्य लागत नव्हतं.

2010 पासून वस्तीतल्या सगळ्या कलावंतांचा उत्सव ग्लॅडिस पार्कमध्ये भरू लागला. गाणारा, रॅप करणारा, चित्रं मांडणारा, ज्याला हवं त्याला मंच. सहभागींची नोंदही ठेवली जाते. 2012 मध्ये ‘वॉक द टॉक’ आला. बँडच्या तालावर मिरवणूक निघते, वस्तीसाठी झटलेल्यांच्या जागी थांबते आणि त्यांच्या कामावरचे प्रवेश तिथेच रस्त्यावर होतात. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स म्युझियमने मंडळीच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. 2015 मध्ये मंडळीने स्किड रोचं इतिहास संग्रहालय उघडलं.

2017 चा ‘द बॅक नाइन’ पाहून कुणालाही वाटेल, नाटकवाले भरकटले. संग्रहालयात चक्क खेळता येण्याजोगं मिनी गोल्फ, आणि विषय शहराचा जमीनवापर आराखडा! जमिनींचे सौदे गोल्फच्या मैदानावर ठरतात, म्हणून ही मांडणी. पण यात भरकटणं नव्हतं. महागडे फ्लॅट आले की स्वस्त खोल्या जातात, खोल्या गेल्या की माणसं पांगतात आणि व्यसनमुक्तांच्या बैठका मोडतात. चाळीस वर्षांच्या वाटचालीत या मंडळीने व्यसनमुक्तीचा प्रश्न समुपदेशकाच्या खोलीतून नगररचनेच्या टेबलापर्यंत नेला. कलेच्या माध्यमातून व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेने यातून एवढं घ्यावं: माणसाला सावरताना तो जिथे सावरतो ती जागाही राखावी लागते.