शिकागोचे ‘पोएट्री’: एका मासिकाची वाटचाल

विसाव्या शतकाच्या आरंभी शिकागो हे धान्याच्या कोठारांचे, कत्तलखान्यांचे आणि रेल्वेचे शहर होते. तिथल्या धनिकांनी चित्रसंग्रहालय उभे केले, वाद्यवृंदाला सभागृह बांधून दिले. चित्रकारांना दरवर्षी पारितोषिके मिळत. कवीच्या वाट्याला मात्र मासिकातला लेख संपल्यावर खाली उरलेली जागा येई. ही गोष्ट हॅरिएट मन्रोबाईंना सलत होती. त्या स्वतः कवयित्री आणि कलासमीक्षक. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी लिहिलेली त्यांची दीर्घ कविता न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने परवानगी न घेता छापली, तेव्हा त्यांनी सरळ कोर्टात धाव घेतली आणि 5,000 डॉलरची भरपाई मिळवली. कवितेचे मोल पैशातही मोजले गेले पाहिजे, यावर त्या ठाम होत्या.

1911 साली चीनचा प्रवास करून त्या परतल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. कादंबरीकार होबार्ट चॅटफील्ड-टेलर यांनी त्यांना कवितेच्या मासिकासाठी एक साधा हिशेब सुचवला: शंभर माणसे गाठा, प्रत्येकाकडून पाच वर्षे, वर्षाला 50 डॉलर घ्या. बाई कचेऱ्यांचे उंबरे झिजवू लागल्या. वकील, व्यापारी, कारखानदार असे शंभराहून अधिक आश्रयदाते जमले. मला त्यापुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. पैसे जमताच त्या छापखान्याकडे धावल्या नाहीत. सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसल्या आणि अमेरिकेतल्या व इंग्लंडमधल्या नियतकालिकांत अलीकडच्या वर्षांत आलेल्या कविता त्यांनी वाचून काढल्या. ज्यांची कविता पटली त्यांनाच पत्रे गेली: कविता पाठवा, मानधन मिळेल, लांबीची किंवा विषयाची अडचण नाही.

ऑक्टोबर 1912 मध्ये पहिला अंक निघाला. किंमत 15 सेंट. लंडनहून एझरा पाउंड परदेशी प्रतिनिधी म्हणून कविता धाडू लागले आणि शिकागोत अॅलिस कॉर्बिन हेंडरसन आलेले टपाल चाळू लागल्या. दुसऱ्याच अंकात मन्रोबाईंनी धोरण जाहीर केले: दार सर्वांना उघडे, कोणत्याही एका पंथाची बांधिलकी नाही. डिसेंबरमध्ये रवींद्रनाथ ठाकूरांच्या कविता आल्या. त्यांना नोबेल मिळाले ते पुढच्या वर्षी. जानेवारी 1913 मध्ये कवयित्री एच. डी. आणि व्हॅचेल लिंडसे एकाच अंकात आले. एकीची कविता कोरीव, मितभाषी, तर दुसऱ्याची ढोलाच्या तालावर म्हणायची. मार्च 1914 मध्ये कार्ल सँडबर्ग यांनी त्याच कत्तलखान्यांच्या शहराला कवितेत आणले आणि शिकागोच्याच ‘द डायल’ या नियतकालिकाने त्यावर झोड उठवली. मन्रोबाई डगमगल्या नाहीत. मासिकाचे त्या वर्षीचे लेव्हिन्सन पारितोषिक सँडबर्ग यांनाच मिळाले.

एलियट यांच्या प्रुफ्रॉकवरच्या कवितेचे प्रकरण जरा वेगळे. पाउंड यांनी ती 1914 च्या शरद ऋतूत पाठवली. बाईंना ती रुचेना. पाउंड पत्रांमागून पत्रे लिहीत राहिले आणि अखेर जून 1915 च्या अंकात ती छापली गेली, तीही कवितांच्या विभागात मागे. मर्ढेकरांच्या निमित्ताने आपल्याकडे ज्या एलियटचे नाव वारंवार घेतले जाते, तो अमेरिकी वाचकांपुढे आला तो असा. बाईंची रसिकता इथे कमी पडली असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे. त्याच वर्षी वॉलेस स्टीव्हन्स यांच्या ‘संडे मॉर्निंग’ची आठ कडवी त्यांनी पाचावर आणली, हेही मला खटकते. पण स्वतःला न रुचलेली कविता छापणारा संपादक विरळा, आणि उघड्या दाराचा शब्द त्यांनी पाळला तो तिथे.

पाच वर्षांची मुदत संपल्यावरही आश्रयदाते टिकले. मन्रोबाई अखेरपर्यंत संपादक राहिल्या. 1936 साली पेरूमध्ये, माचू पिचूच्या वाटेवर असताना, अरेकिपा गावी त्यांचे निधन झाले. मासिक बंद पडले नाही. 1944 मध्ये शिकागोच्याच कृष्णवर्णीय वस्तीतल्या ग्वेंडोलिन ब्रूक्स यांच्या कविता त्यात आल्या. पुढे 1950 साली त्यांना पुलित्झर मिळाले. पैशाची ओढाताण पुढेही बरीच वर्षे चालली. 2002 साली औषध उद्योगातल्या घराण्याच्या वारसदार रूथ लिली यांनी सुमारे 10 कोटी डॉलरची देणगी जाहीर केली. त्यांनी पाठवलेल्या कविता या मासिकाने साभार परत केल्या होत्या! त्या देणगीतून ‘पोएट्री फाउंडेशन’ उभे राहिले आणि 2011 मध्ये शिकागोत स्वतःची इमारत व सर्वांना खुले असलेले काव्यग्रंथालय झाले.

1912 पासूनचे जुने अंक फाउंडेशनच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. जून 1915 चा अंक उघडलात तर थेट एलियटवर जाऊ नका. आधीची सगळी पाने वाचा, त्या महिन्याच्या वाचकाने वाचली असतील तशी, आणि मग त्या कवितेकडे या.