विषाद कुणाचा, दोष कुणाचा?

लखनौच्या इंदिरा नगरात आईची केमोथेरपी चालू होती, तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण सांगे, "मन खंबीर ठेवा." एका रात्री आई म्हणाली, "म्हणजे बरी नाही झाले, तर दोष माझाच ना?" मी अनुवादक, पण त्या दोन शब्दांचा हा अर्थ मला दिसला नव्हता.

तो अर्थ जुना आहे. खिन्न प्रकृतीच्या स्त्रियांना स्तनांचा कर्करोग अधिक होतो, असे दुसऱ्या शतकात गेलन मानत असे. चरकसंहितेनेही रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले. १९७८ मध्ये सुसान सोंटॅग यांनी, स्वतः कर्करोगातून गेल्यावर, स्वभावावर रोगाचे खापर फोडण्याची ही रीत नाकारली.

१९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल यांना आढळले, की गटात बसून मन मोकळे करणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्ण सरासरी ३६.६ महिने जगल्या, इतर १८.९. पण २००१ मध्ये कॅनडातील २३५ स्त्रियांच्या अभ्यासात आयुष्य वाढले नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या.

मग विषादाने उपचारांचे काहीच बिघडत नाही? बिघडते. खचलेला माणूस तारीख चुकवतो, गोळ्या टाळतो, जेवत नाही. २००० सालच्या एका एकत्रित विश्लेषणात, वेगवेगळ्या आजारांतल्या निराश रुग्णांकडून उपचार न पाळले जाण्याची शक्यता तिप्पट दिसली.

म्हणजे विषाद हा रुग्णाचा दोष नव्हे. मळमळीसारखाच डॉक्टरांना सांगायचा त्रास. पुढच्या खेपेला आईच्या यादीत मी लिहिले : रात्री झोप नाही, रडू येते.